भाचा म्हणतो सेटर घेऊ का

मागच्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, यवतमाळकडच्या आमच्या गावाहून (धुरा म्हणजे शेताचा बांध). "मामा, तुमच्या कबरीसारखं कुत्रं मलेबी पाह्यजे, धुऱ्यावर तितर मस्त झाले, अन् घरी लेकरं हायेत, चालते ना?" झालं, फॅमिली ग्रुपवर जुंपली. एक जण म्हणे अमेरिकेत शिकार चालते तर आपल्याच इथं काहाले बंदी, दुसरा म्हणे आधी गावातल्या मोकाट कुत्र्यायचं पाहा बाप्पा. मी दोन दिवस गप्पच होतो, कारण मीच इथं अमेरिकेत, मिनेसोटात, ऑक्टोबर लागला की नारिंगी टोपी घालून फेजंट पक्ष्यांच्या शिकारीला हिंडतो, मग नाही म्हणू कोणत्या तोंडानं.

तरी नाहीच म्हणतोय.

कबरी म्हणजे आमची इंग्लिश सेटर जातीची कुत्री, पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून लेकीनं ठेवलेलं नाव. वास लागला की पळता पळता अशी थिजते की एक पाय वरच राहतो, शेपटी ताठ, अन् मी जवळ जाईपर्यंत हलत नाही. बंदुकी नव्हत्या तेव्हा ही कुत्री पक्षी दिसला की दबून बसायची आणि शिकारी वरून जाळं टाकायचे, सेटर नाव त्या बसण्यावरूनच पडलं. घरात मात्र एकदम गरीब गाय, लेक तिच्या पोटावर डोकं ठेवून कार्टून बघते. राखणीला शून्य. चोर आला तर त्याचाही हात चाटेल.

पण हे आयतं नाही मिळालं. घेताना आधी पिल्लाची आई पाहिली, ती अनोळखी लेकरांजवळ कशी वागते ते बघितलं. कानांची टेस्ट झालेली आहे का विचारलं कारण या जातीत बहिरेपण निघतं. शोसाठी वाढवलेली जड अन् जास्त केसाळ असतात, शिकारीवाली हलकी पण अंगात वारं भरलेली, आम्ही दुसरी घेतली आणि पहिली दोन वर्षं सोफ्याचं जे झालं ते बायकोला विचारा. रोज तासभर मोकळं पळणं लागतंच, बर्फ असो का पाऊस.

आता हेच कुत्रं आपल्या वावरात सोड. त्या लांब रेशमी केसांत कुसळं अन् गोखरू अडकणार, कुसळ कानात नाहीतर बोटांच्या मधात शिरलं की आतच सरकत जातं, मग पिकतं. गोचीड वेगळे. अन् मे महिन्यात 45 डिग्रीत ते पळणार कधी, पहाटे पाचला? तू उठणार आहेस का लेका?

अन् तितराचं म्हणशील तर आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, ती बरोबरच आहे. लहानपणी आपल्याकडे तितराचा रस्सा मीही खाल्लाय, खोटं कशाला बोलू. पण इथं अमेरिकेत लायसन्स लागतं, नोव्हेंबर संपेपर्यंत दिवसाला फेजंटचे दोनच नर मारता येतात, मादीला हात लावायचा नाही. बंदूक-काडतुसांवरच्या टॅक्सचा पैसा 1937 पासून जंगली प्राणी-पक्ष्यांसाठी जातो. फेजंट तर इथला पक्षीच नाही, चीनमधून आणून सोडलेला. आपला तितर आपलाच आहे, आणि धुऱ्यावरचं गवत तणनाशक मारून आपणच जाळतो, मग तो लपणार कुठं? तुझ्या धुऱ्यावर अजून दिसतात ना, मग तो धुरा तेवढा फवारू नको.

एवढं सगळं टाइप करून पाठवलं. भाच्याचा नुसता अंगठा आला. रात्री ताईचाच फोन, "त्याचं कुत्र्याचं राहू दे, रोह्यायनं (नीलगायींनी) अर्धी तूर खाल्ली, त्याच्यावर तुह्या अमेरिकेत काही औषध हाय का?"