थोडेही भरू नका
अनोळखी कर्जाची नोटीस आली तर थोडे पैसे भरून मोकळे व्हा, हा लेखातला सल्ला मुळीच पटला नाही. चोपड्यात आमच्या अण्णांना अशीच नोटीस आली. ४८ हजारांचं कर्ज, नाव त्यांचंच, पण पत्ता सुरतचा! गावात बोभाटा नको म्हणून अण्णा केळीच्या पट्टीचे पैसे घेऊन भरायलाच निघाले होते. मी हात धरून बसवलं. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), कर्ज नाकारून कराराची प्रत मागणारं पत्र स्पीड पोस्टाने धाडलं. रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे, हे लिहायलाच हवं होतं. वसुलीवाल्यांना संध्याकाळी ७ नंतर फोनची मुभा नाही. अण्णांना साडेनऊला यायचे, ताटावरून उठायचे ते.