विमानात बसण्याआधी रशियन

2025मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात वाद पेटला, तेव्हा कझाकस्तानातल्या अल्माटीत बसून मी त्याची प्रत्येक बातमी वाचत होतो. 29 जूनला सरकारने हिंदीबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, याचा मला आनंद झाला. सहा वर्षांच्या मुलावर भाषा लादू नये, असं माझंही मत आहे. पण स्वतःच्या मर्जीने भाषा निवडू शकणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींबद्दल त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही. त्यांच्यासाठी घरोघरी यादी ठरलेली असते : जर्मन, जपानी, फ्रेंच. रशियनचं नाव काढलं की ‘सोव्हिएत संघ कधीच गेला’ असं ऐकू येतं, आणि 2022पासून ‘युद्ध करणाऱ्यांची भाषा कशाला?’ असंही.

मी राहतो तो देश रशिया नाही. इथली राज्यभाषा कझाक आहे, तरी सरकारी कार्यालयांत रशियन चालते आणि अल्माटीच्या बाजारात कझाक, उइगुर, कोरियन, तातार माणसं एकमेकांशी बहुतेक वेळा रशियनमधूनच बोलतात. शेजारच्या किर्गिझस्तानात तिला अधिकृत भाषेचा दर्जा आहे. ही भाषा इकडे सत्तेच्या जोरावर आली, हे इथले लोक विसरलेले नाहीत. कझाकला तिची जागा मिळावी म्हणून तरुण पिढी आग्रही आहे, आणि ते योग्यच आहे. इथे येणाऱ्याने चार वाक्यं कझाकचीही शिकावीत. राहिला युद्धाचा प्रश्न. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच रशियनमध्ये लिहितात आणि त्यांना 2015 साली साहित्याचं नोबेल मिळालं. 2021मध्ये शांततेच्या नोबेलचे एक मानकरी ठरलेले पत्रकार दिमित्री मुरातोव यांचं कामही रशियनमधलंच. सत्तेला जाब विचारणारे ज्या भाषेत लिहितात, ती भाषा सत्तेच्या नावावर का करून द्यायची?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वैद्यकीय विद्यार्थ्यांची. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तानात एमबीबीएसच्या समकक्ष पदवीसाठी आपली मुलं दरवर्षी मोठ्या संख्येने येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं आणि वर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी. एजंट यातलं ‘माध्यम इंग्रजी’ एवढंच पालकांना मोठ्याने सांगतात. पालक निश्चिंत होतात. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूल वॉर्डात जातं, तेव्हा खाटेवरच्या आजीबाईंना इंग्रजी येत नसतं. त्या सांगतात ते रशियनमध्ये. आपल्याकडे रुग्ण कळ येते, ठणकतं, आग होते असं वेगवेगळं सांगतो, तसंच रशियनमध्येही टोचणारं, ओढणारं, जळजळणारं दुखणं निरनिराळ्या क्रियापदांनी सांगतात, आणि त्या फरकावर निदानाची दिशा ठरते. ज्याला हा फरक ऐकू येत नाही, तो विद्यार्थी खाटेपासून दोन पावलं मागे उभा राहतो आणि प्राध्यापकांच्या इंग्रजी सारांशावर वही भरतो. वर्षानुवर्षं असं उभं राहून कुणी डॉक्टर होतं का? माझ्या ओळखीतल्या ज्या मुलांनी पहिल्या वर्षी रशियनचा तास गंभीरपणे घेतला, त्यांना परिचारिका हाक मारून बोलावतात, जखमेचं ड्रेसिंग करायला देतात.

दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेले काही भारतीय तरुण 2023-24मध्ये थेट सैन्यात, युद्धाच्या आघाडीवर पोहोचले. त्यांतल्या अनेकांनी सह्या केलेले करार रशियनमध्ये होते आणि ते त्यांना वाचता येत नव्हते. जुलै 2024मध्ये पंतप्रधानांना हा विषय मॉस्कोत काढावा लागला. फसवणूक करणारे गुन्हेगारच, त्यात शंका नाही. तरी कागदावर काय लिहिलंय हे वाचता येणं हे परक्या देशातलं पहिलं संरक्षण आहे.

रशियन फार अवघड, हा समज मराठी माणसाने तरी बाळगू नये. तीन लिंगं आपल्याला जन्मापासून ठाऊक आहेत. सहा विभक्त्या ऐकून इंग्रजीभाषक दचकतो. आपण शाळेत आठ पाठ केल्या आहेत. ‘चमचा’तला दंत्य च आपल्या तोंडात बसलेला असल्याने त्याच उच्चाराचं रशियन अक्षर सहज जमतं. त्रास होतो तो जीभ टाळूकडे उचलून उच्चारायच्या ‘मृदू’ व्यंजनांचा आणि शब्दातला आघात कुठे पडेल याचा, कारण आघात सरकला की स्वरही बदलतो. तिथे कान तयार करण्याला पर्याय नाही, आणि त्याला महिने लागतात.

ते महिने असतात. नीटची परीक्षा साधारणपणे मे महिन्यात होते, विमान बहुतेकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात सुटतं. मधला काळ प्रवेशाची कागदपत्रं आणि खरेदी यांत जातो. 33 अक्षरांची लिपी दोन आठवड्यांत वाचता येते. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत रशियन शिकवण्याची परंपरा जुनी आहे. त्यांनी परदेशी निघालेल्या या मुलांसाठी जून ते ऑगस्ट असा वर्ग काढावा, त्यात रुग्णाशी बोलण्याचा सराव ठेवावा. आणि पालकांनी एजंटला वसतिगृहात भारतीय जेवण मिळेल का, हे विचारताना त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा : पहिल्या वर्षी आठवड्याला रशियनचे तास किती, आणि ते कोण शिकवतं?