इस्रोचे मांडव आणि ‘आपले काय भेटनं?’

ऑगस्टची २३ तारीख, म्हणजे राष्ट्रीय अंतराळ दिन, जवळ आला की आमच्या खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. केळीवाल्यांच्या ग्रुपावर येतो, शिक्षकांच्या येतो, गावकीच्याही येतो. शब्द दर वर्षी थोडे बदलतात, पण सार तेच. इस्रो दर वर्षी हजारो कोटी रुपये परिषदा, प्रदर्शनं आणि अंतराळ दिनाच्या सोहळ्यांत उडवते. परिषद म्हणजे शास्त्रज्ञांची सरकारी सहल. कापूस-केळीवाल्याला यातून छदाम मिळत नाही. सगळं यूट्यूबवर दिसतंच, मग मांडव कशाला? आणि मुलांचे कार्यक्रम शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळांसाठी, त्यांनाही हजारोंनी फी. शेवटी अहिराणीत एक ओळ असते : ‘आपले काय भेटनं?’ म्हणजे आपल्याला काय मिळालं?

शेवटचा प्रश्न रास्त आहे. त्याआधीची विधानं बहुतेक चुकीची आहेत. रास्त प्रश्न चुकीच्या माहितीवर उभा केला, की ज्यांनी उत्तर द्यायचं ते आयतेच सुटतात. म्हणून हा खटाटोप.

पैशाचं आधी उरकून टाकू. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १३,०४३ कोटी रुपये होते. एकूण अर्थसंकल्प ४८ लाख कोटींच्या वर. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. या सत्तावीस पैशांत अग्निबाण, उपग्रह, गगनयान, श्रीहरिकोट्याचे तळ, हजारो कर्मचाऱ्यांचे पगार सगळं आलं. चंद्रयान-३ ला साधारण ६१५ कोटी लागले. मेसेजातलं ‘हजारो कोटी’ अगदी कमीत कमी दोन हजार धरलं, तरी दर वर्षी तीन चंद्रयानं मांडवात जळतात असा त्याचा अर्थ होतो. तसं असतं तर सोडायला यानच उरलं नसतं.

‘परिषदेतून एक तरी यान निघालं का?’ असा एक टोमणा मेसेजात आहे. मला हा मुद्दा सगळ्यात आवडतो, कारण त्याचं उत्तर ‘हो’ आहे. भारतानं चंद्रावर यान पाठवावं ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली गेली ती १९९९ मध्ये, भारतीय विज्ञान अकादमीच्या बैठकीत. पुढच्या वर्षी अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या सभेत तिच्यावर चर्चा झाली. शास्त्रज्ञांनी ती उलटसुलट तपासली : जमेल का, जमलं तरी दुसऱ्यांनी आधीच केलेलं पुन्हा करण्यात हशील काय, नवं काय मोजता येईल. नंतर २००३ मध्ये सरकारची मान्यता, आणि २२ ऑक्टोबर २००८ ला चंद्रयान-१ उडालं. खर्च सुमारे ३८६ कोटी.

त्या यानावर अकरा उपकरणं होती. पाच आपली आणि सहा बाहेरची : तीन युरोपीय अंतराळ संस्थेची, दोन नासाची, एक बल्गेरियाचं. चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा असल्याचं २००९ मध्ये जगजाहीर झालं ते यातल्याच नासाच्या एका उपकरणाच्या नोंदींवरून. परक्या देशाचं उपकरण आपल्या यानावर कसं चढतं? निविदा काढून नव्हे. आम्हाला अमुक मोजायचंय, तुमच्याकडे त्याला साजेसं काही आहे का, अशी विचारणा शास्त्रज्ञांमध्ये होते, प्रस्ताव येतात, त्यांची चिरफाड होते. हे सगळं जिथे घडतं तिलाच परिषद म्हणतात. चहा-बिस्किटं तिथेही असतात, नाकारत नाही. काही भाषणं कंटाळवाणी असतात हेही खरं.

दुसरं म्हणजे या परिषदा काही फक्त परदेशात भरत नाहीत. राष्ट्रीय अंतराळ विज्ञान परिसंवाद २०१९ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भरला, २०२४ मध्ये गोवा विद्यापीठात. जळगावहून रात्रीच्या गाडीनं निघालं तर सकाळी पुण्यात. तिथे मोठ्या नावांपेक्षा जास्त गर्दी असते पीएचडी करणाऱ्या पोरापोरींची. भिंतीला पोस्टर लावून उभी असतात, येणारा-जाणारा प्रश्न विचारतो, उत्तर अडलं की घाम फुटतो. त्यातूनच शोधनिबंध सुधारतात.

अ‍ॅस्ट्रोसॅटचंही असंच. २८ सप्टेंबर २०१५ ला ही दुर्बीण अवकाशात गेली. तिचा वेळ प्रस्ताव लिहून मागावा लागतो, आलेल्या नोंदी सॉफ्टवेअरनं सोडवाव्या लागतात. ते शिकवायला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मदत कक्ष आहे, कार्यशाळा होतात. कार्यशाळा बंद करा म्हणणं म्हणजे विहीर खणून दोर कापण्यासारखं आहे. पाणी आहे, पण ते काढणार फक्त ज्यांच्या घरी आधीच दोर आहे तेच. मग आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पोरांनी काय करायचं?

आणि अंतराळ दिनाला नुसतं नाचगाणंच होतं असंही नाही. २०२४ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी चंद्रयान-३ च्या लँडर आणि रोव्हरवरच्या उपकरणांच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या गेल्या. चोपड्यात बसलेल्या एखाद्या प्राध्यापकाला इंटरनेट असेल, तर त्या उतरवून घेता येतात. मांडवातल्या फुलांवर टीका करणाऱ्यांनी या बातमीला मात्र अर्धी ओळही दिली नाही.

आता शेतकरी. इथे मी मेसेज लिहिणाऱ्याशी अर्धा सहमत आहे. मे-जूनमध्ये सातपुड्याकडून वादळ उठतं आणि रावेर, यावल, चोपड्याच्या घडांनी लगडलेल्या बागा तासाभरात आडव्या होतात. इशारा दोन दिवस आधी मिळाला तरी केळीचं झाड उचलून घरात ठेवता येत नाही. त्यामुळे ‘उपग्रहानं शेतकऱ्याचं भलं झालं’ अशी भाषणं ऐकली की मलाही राग येतो. पण उपयोग शून्य, हे खोटं. हवामान खात्याच्या अंदाजांमागे इन्सॅट मालिकेचे उपग्रह आहेत. त्यातला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला गेला आणि त्याचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं उचलला. कापसाचं क्षेत्र आणि उत्पादन यांचा देशपातळीवरचा अंदाज उपग्रहचित्रांच्या आधारे लावला जातो. २०१४ मध्ये फळं-भाज्यांसाठी ‘चमन’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या सात पिकांत केळी होती. भूजलाचे नकाशेही आहेत. ज्या पट्ट्यात बोअर दर वर्षी आणखी खोल न्यावी लागते, तिथे हे नकाशे कुणाला वाचता येणं चैनीची गोष्ट नाही.

अडचण वाचण्याचीच आहे. नकाशा आहे, पण तालुक्यात तो उघडून सांगणारा माणूस नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे इस्रोचीच एक शाखा, २००७ पासून दूरशिक्षणानं हेच शिकवते आणि तिचे अनेक अभ्यासक्रम मोफत आहेत. मेसेज ज्याला ‘उधळपट्टी’ म्हणतो त्या लोकसंपर्काच्या खात्यातच हे मोडतं. कृषी पदवीधर पोरं स्पर्धा परीक्षेच्या क्लासला वर्षानुवर्षं पैसे भरतात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

यूट्यूबचा मुद्दा. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. छान झालं. पण पडदा प्रश्नाला उत्तर देत नाही. २०२२ चा गुढीपाडवा आठवा. २ एप्रिलला अंधार पडल्यावर जळगावपासून नागपूरपर्यंत लोकांनी आभाळात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. अर्ध्या तासात ग्रुपांवर क्षेपणास्त्र, उल्का, पडलेलं विमान, सगळं येऊन गेलं. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग सापडली. त्या रेघा एका चिनी लाँग मार्च अग्निबाणाच्या परतणाऱ्या भागाच्या होत्या, असं खगोल अभ्यासकांनी मांडलं. त्या रात्री गावात व्हिडिओंची कमतरता नव्हती. अग्निबाणाचे टप्पे सुटतात, काही कक्षेत राहतात आणि महिन्यांनी खाली येतात, हे सांगणारा एक मास्तर हवा होता. असा मास्तर प्रदर्शनाच्या टेबलापलीकडच्या माणसाला चार प्रश्न विचारून तयार होतो.

राहिला मुलांचा मुद्दा. इथे मेसेज सगळ्यात जास्त नुकसान करतो. इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. नववीच्या मुलांसाठी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, साधारण दोन आठवडे, इस्रोच्या केंद्रांवर. फी नाही. राहणं, जेवण, प्रवास इस्रोचा, सोबतच्या एका पालकाच्या प्रवासखर्चाचीही तरतूद आहे. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्याला निवडीत त्याचे वेगळे गुण मिळतात. म्हणजे धडगावकडच्या खेड्यातल्या आश्रमशाळेतली मुलगी आणि मुंबईच्या नामांकित शाळेतला मुलगा यांत गुणांची ही जास्तीची खेप मुलीकडे आहे. श्रीहरिकोट्याला प्रक्षेपण पाहण्याची गॅलरी २०१९ पासून लोकांना खुली आहे, नोंदणी करावी लागते, तिकीट नाही.

मग ‘हजारोंची फी’ आली कुठून? काही शाळा आणि सहल कंपन्या ‘इस्रो टूर’ काढतात. बस, हॉटेल, जेवण, टी-शर्ट यांचा हिशेब लावून पालकांकडून रक्कम घेतात. तो त्यांचा धंदा आहे, बेकायदेशीरही नाही. पण ती पावती इस्रोची नसते. गंमत म्हणजे जे पालक टूरचे पैसे भरतात त्यांतल्या कित्येकांना मोफतचा कार्यक्रम ठाऊक नसतो.

भांडायचं असेल तर याच्यावर भांडा. खान्देशात इस्रोचं एकही केंद्र नाही. जळगावकराला नागपूरचं, नंदुरबारकराला अहमदाबादचं जवळ. नोंदणीचे दिवस थोडे, आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र चढवावं लागतं. जिथे मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर जावं लागतं, तिथे हे ऑनलाइन काम शेवटच्या दिवशी होत नाही. अर्जाच्या सूचना मराठीत हव्यात. इस्रोकडे ‘स्पेस ऑन व्हील्स’ नावाची फिरती प्रदर्शनाची बस आहे. ती अक्कलकुवा आणि शिरपूरला यावी म्हणून जिल्हा परिषदेनं पत्र लिहायला हवं. धुळ्याला किंवा नंदुरबारला अंतराळ दिनाचा एक कार्यक्रम मागायला हवा, आणि त्यात शास्त्रज्ञ अहमदाबादहून येऊन मुलांपुढे तासभर उभा राहिला पाहिजे, नुसता पालकमंत्र्यांचा सत्कार नको.

मेसेज म्हणतो मांडव बंद करा. माझं म्हणणं, तो इकडे लावा. घरात नववीचं पोर असेल तर जानेवारी लागताच मुख्याध्यापकांना युविकाबद्दल विचारा, आणि इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख स्वतः पाहा. ती ग्रुपावर येईल तेव्हा बहुधा उलटून गेलेली असते.