खुर्ची आधी, लॉन नंतर

लॉन लावायचं म्हणजे बी फेकायचं, पाणी मारायचं आणि खुर्ची टाकून बसायचं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खुर्ची तर मी आणूनही ठेवली होती. तेवढ्यात एक जाणकार मित्र म्हणाला, "आधी माती तपासून घे," आणि घात झाला.

नमुना म्हणजे दारातली मूठभर माती पुडीत बांधणं नव्हे. अंगणभर दहा-बारा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल खड्डे घ्यायचे, प्रत्येकाच्या कडेची माती खरवडायची, सगळी कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. वर ती सावलीत वाळवायची, उन्हात नाही. त्यामुळे तीन दिवस माती पंख्याखाली आणि मी बाहेर उन्हात, खड्डे बुजवत.

अहवाल येईपर्यंत मी बरणीत माती-पाणी घालून खळखळ हलवलं. वाळू मिनिटभरात तळाला बसली, गाळाला काही तास लागले, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करून होती. आमच्या घरातल्या रुसव्यांचेही हेच तीन प्रकार आहेत. (तिसरा माझा नाही.)

अहवालात सामू, म्हणजे pH, निघाला 5.4. लॉनला सहा ते सात लागतो, म्हणजे थोडक्यात हुकलं, म्हणून मी खूश. मित्राने हिशेब समजावला: सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते! उपाय चुना. आजवर लोकांनी मला लावला होता, आता मी जमिनीला लावायचा. तोही अहवालात लिहिला असेल तेवढाच, आणि त्याचा गुण यायला काही महिने.

पण खरी परीक्षा वाफशाची, म्हणजे माती खणण्याजोगी सुकण्याची. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचताच फुटला, तरच कुदळ उचलायची. रोज सकाळी मी अंगणात उभा राहून गोळे वळायचो, ते काही फुटायचे नाहीत. पाचव्या दिवशी माझाच धीर फुटला आणि मी ओल्यातच खणलं. दोन दिवसांनी अंगणात अशी ढेकळं वाळली, की त्यांत घराची आणखी एक खोली निघाली असती. ती फोडण्यात दोन रविवार गेले. मग कंपोस्ट मिसळलं, घराकडून बाहेर हलका उतार दिला, रोलर फिरवला.

आता तरी बी? छे! आधी नुसतं पाणी मारून दोन-तीन आठवडे थांबायचं, म्हणजे मातीत दडलेलं तण वर येतं आणि काढून टाकता येतं. आलं. काय आलं म्हणून सांगू! सगळं अंगण हिरवंगार, लव्हाळा तर टोकं चमकवत उभा. मी पहिल्यांदाच खुर्ची बाहेर काढली.

शेजारच्या काकू कुंपणाशी थबकल्या. "अगंबाई, काय सुरेख लॉन आलंय हो तुमचं!"

मी हसून आभार मानले आणि हातातलं खुरपं हळूच खुर्चीखाली सरकवलं.