पोर्चमधली वजाबाकी

मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी न्यूयॉर्क राज्यात बहुतेक ठिकाणी शाळेच्या बजेटवर मतदान असतं. मी रॉचेस्टरच्या बाहेर एका लहानशा गावात राहते. (खुद्द रॉचेस्टर शहरात हे मतदान होत नाही, मोठ्या पाच शहरांचा कारभार वेगळा.) आमचं केंद्र म्हणजे प्राथमिक शाळेचाच हॉल. यंदा रांगेत माझ्यापुढे शेजारच्या आजी होत्या, वॉकर घेऊन. त्यांची मुलं या शाळेतून बाहेर पडली त्याला चाळीस वर्षं झाली आणि नातवंडं दुसऱ्या राज्यात आहेत. तरी त्यांच्या घराच्या करातला मोठा हिस्सा या शाळेला जातो. तो पुढं किती वाढू द्यायचा यावर त्यांचंही एक मत असतं.

बाहेर आल्यावर विचारलं, तर त्यांनी 'हो'वर खूण केली होती. का, तर दर बुधवारी त्यांच्याजवळ वाचायला बसणारा पहिलीतला पोरगा अजून ओळीवर बोट ठेवल्याशिवाय वाचू शकत नाही. "त्याचं बोट सुटेपर्यंत मी 'नाही' कसं म्हणू?"

या आजी निवृत्त शिक्षिका आहेत. बुधवारी त्या वर्गाच्या कोपऱ्यात, मुलांच्याच बुटक्या खुर्चीवर बसतात. पोरगं वाचतं, त्या ऐकतात. अडलं की लगेच सांगत नाहीत, मनात पाचपर्यंत आकडे मोजतात. वर्ग मात्र दुसरीच बाई घेत असते, पंचविशीतली. आजींना फळ्याकडं जायची गरज नसते आणि इच्छाही नसते.

गाडीत बसते तोच आईचा फोन. नागपुरात संध्याकाळचे सात वाजले होते. "पंचेचाळीसच्या वर गेलं आज. कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला." मग मुद्द्यावर आली. मानेवाड्याच्या बागेत रोज संध्याकाळी तिच्या निवृत्त शिक्षकांचा कट्टा भरतो, तिथं तो जुना वाद पुन्हा पेटला होता.

वाद 2023 चा. त्या जुलैत राज्य सरकारनं ठरवलं की जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर नियमित भरती होईस्तोवर निवृत्त शिक्षक घ्यायचे. वयाची मर्यादा 70, मानधन महिन्याला 20,000 रुपये. डीएड-बीएड झालेली पोरं भडकली आणि त्यांचं काही चुकलं नाही. ती अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलेली. शिवाय निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन त्याच वर्षी 6,000 वरून 16,000 झालेलं. म्हणजे पेन्शन घेणाऱ्या गुरुजींना वीस आणि घर चालवायला निघालेल्या पोराला सोळा! कट्ट्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, अनुभवाची किंमत नको का? दुसरा म्हणतो, पोरांच्या ताटातलं खायचं काय आपण?

आई दुसऱ्या तटात. मीही. पण इतकी वर्षं दूर राहून मला या भांडणात एक गोष्ट खटकते, की दोन्ही बाजूंनी निवृत्त शिक्षकाचा विचार स्टेपनीसारखाच होतो. चाक पंक्चर झालं की काढायची, लावायची. चाकाच्या जागी बसण्याखेरीज तिला काही काम असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. शेजारच्या आजी कोणाच्याही खुर्चीत बसत नाहीत. त्या आल्यामुळं कोणाची नेमणूक अडत नाही, आणि त्या येतात म्हणून मुख्याध्यापकाला रिकामी जागा भरल्याचं दाखवता येत नाही.

आता अमेरिकेची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. इथल्या म्हाताऱ्यांना शाळेचा पुळका जन्मतः नसतो. अॅरिझोनात 1960 मध्ये सन सिटी नावाची फक्त निवृत्तांची वसाहत उभी राहिली. तिथल्या मतदारांनी शाळांसाठीच्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव एकामागून एक पाडले आणि शेवटी तो भाग शाळा-जिल्ह्यातूनच, म्हणजे शाळांसाठी कर घेणाऱ्या विभागातूनच, बाहेर पडला. पोरंच दिसत नाहीत तर त्यांच्या शाळेला पैसे का द्यायचे, हा हिशेब. म्हणून इथल्या शाळा म्हाताऱ्यांना आत बोलावतात त्यात थोडा स्वार्थही आहे असं मला वाटतं. पोराचं नाव माहीत झालं की मत बदलतं. मला हा स्वार्थ आवडतो. निदान तो दोन्ही बाजूंचा आहे.

यात पैशाचीही बाजू आहे, आणि सेवाभावाची भाषणं करणाऱ्यांना ती नको असते. 1965 पासून इथं सरकारची 'फॉस्टर ग्रँडपॅरेंट' योजना चालते. 55 च्या पुढचे, तुटपुंज्या उत्पन्नाचे लोक शाळांत मुलांजवळ बसतात आणि त्यांना तासामागं थोडा भत्ता मिळतो. पगार म्हणावा इतका नाही, पण येण्याजाण्याचा भुर्दंड पडत नाही. त्याच्याही आधीची गोष्ट एथेल पर्सी अँड्रस यांची. लॉस एंजेलिसच्या एका हायस्कूलच्या या निवृत्त मुख्याध्यापिका एका जुन्या शिक्षिकेला शोधत गेल्या, तर ती कोंबड्यांच्या खुराड्यात राहत होती. पेन्शन तेवढंच होतं. 1947 मध्ये अँड्रसबाईंनी निवृत्त शिक्षकांची देशभराची संघटना काढली आणि 1958 मध्ये तिच्यातूनच सगळ्या ज्येष्ठांसाठी एएआरपी उभी राहिली, आज अमेरिकेतली ज्येष्ठांची सगळ्यात मोठी संघटना. आधी छप्पर आणि औषधपाणी, मग समाजसेवा, असा तो क्रम.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "मग आमच्यानंतरच्यांचं कसं होईल?" तिचं बरोबर होतं. ती 2011 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, जुन्या पेन्शनवर. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना ती नाही. त्यासाठीच मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, पुढं वेगवेगळे पर्याय आले, कुरबुर संपलेली नाही. आज बागेत बसून वाद घालायला वेळ आहे तो जुन्या पेन्शनमुळं. दहा-पंधरा वर्षांनी निवृत्त होणारे शिक्षक बहुधा ट्यूशन घेत असतील, बाकावर फुकट बसायला त्यांना परवडायचं नाही. कट्टा आहे तोवरच काय ते करायला हवं.

आईनं करून पाहिलं होतं. बागेपासून शाळा दोनशे पावलांवर आहे. गेल्या वर्षी ती तिथं गेली आणि म्हणाली, आठवड्यातून दोन दिवस खिचडीनंतर येते, ज्यांना वाचता येत नाही ती पोरं माझ्याजवळ पाठवा. उत्तर मिळालं, "मॅडम, वरून पत्र आणा." मला राग आला, तिला नाही. ती म्हणाली, बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर कोण मुख्याध्यापक बाहेरच्या माणसाला आत घेईल? उद्या काही झालं तर मस्टरवर सही त्याची. हेही खरंच. इथं आजींनाही अर्ज, ओळखपत्र, पार्श्वभूमीची चौकशी, सगळ्यातून जावं लागलं, आणि पोराजवळ त्या बसतात ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आपल्याकडं केंद्राचं विद्यांजली पोर्टल 2021 मध्ये नव्यानं आलं, निवृत्त शिक्षकांना त्यावर नाव नोंदवता येतं. पण पोर्टल आणि शाळेचं फाटक यांच्यामधली दोनशे पावलं कोणीतरी सोबत चालावी लागतात.

आणि एक गोष्ट मला टोचते, ती इथं लिहिलीच पाहिजे. आई तेहतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवत होती. मला तिनं धरमपेठेतल्या खासगी शाळेत घातलं. कट्ट्यावरच्या एकाचंही नातवंड त्या दोनशे पावलांवरच्या शाळेत जात नाही. एक पुण्यात, दोन बंगळुरूत, बाकीची सीबीएसईच्या पिवळ्या बसमध्ये. माझा मुलगा तर इथं. तरी शाळा बंद पडून राहिल्या म्हणून हळहळ तेच करतात. नागपुरात शाळेच्या बजेटवर आपलं मत मागत नाहीत, त्यामुळं ही हळहळ कधी कसाला लागत नाही. आपली पोरं जात नाहीत अशी शाळा आपली कशी म्हणायची, हा प्रश्न मी आईला विचारला नाही. धीर झाला नाही.

गेल्या डिसेंबरात मी घरी होते. शाळेनं नाही म्हटल्यावर आईनं पोर्चमध्येच सतरंजी टाकली होती. चार वाजता चार पोरं यायची. त्यातला एक चौथीतला, त्याच्या वडलांचा तर्री-पोह्याचा ठेला. त्या दिवशी हातच्याची वजाबाकी होती, 402 वजा 178. पोरगं शून्यापाशी अडलं. दशकाच्या घरात काहीच नाही, उसने आणायचे कुठून? आईनं डब्यातून शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपयांचं नाणं काढलं. "एक नोट मोडून आण." त्यानं शंभराच्या दहा दहा केल्या, त्यातल्या एका दहाची चिल्लर केली. तीन शंभर, नऊ दहा, बारा रुपये. आता दे एकशे अठ्ठ्याहत्तर. आई खूष.

पोरगं नोटांकडं बघून म्हणालं, "पण आजी, असं कोण देते? दोन नोटा द्यायच्या ना. वीस दोन वापस येतात. राहिलेले दोनशे दोन. झाले दोनशे वीस चार."

आई गप्प. वीस दोन! 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'सोबत 'वीस दोन' आणलं तेव्हा याच कट्ट्यानं मराठीचा खून झाला म्हणून आठवडाभर आकांडतांडव केलं होतं, आणि सगळ्यात मोठा आवाज आईचा होता. तिनं बोटांवर करून पाहिलं. उत्तर बरोबर होतं. ठेल्यावर रोज शंभर वेळा करतो तसं त्यानं केलं होतं. "वहीत का नाही केलं असं?" तर म्हणाला, "वहीत असं नाई चालत म्हणे."

त्या रात्री भाकरी थापताना ती मधेच थांबली. "तेहतीस वर्षं मी पोरांच्या हातून नोटा मोडून घेत बसले." मग हसली आणि पुढची भाकरी थापू लागली. त्याच पोराच्या बहिणीनं नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला मोबाईलवर काढून दिला होता. डोळ्यांची उघडझाप कॅमेऱ्याला पटेना, तर पोरीनं खिडकीजवळ नेऊन बसवलं.

आता जूनच्या शेवटी शाळा उघडतील, विदर्भात उन्हामुळं उशिराच. आईनं कट्ट्यावरच्या पाच जणांच्या सह्यांचं पत्र तयार केलंय, आमची पोलीस पडताळणी करून घ्या असं स्वतःच लिहून. वर्ग नको, मानधन नको, व्हरांड्यात पंख्याखाली एक बाक आणि मंगळवार-शुक्रवारचा एकेक तास द्या. ठेलेवाल्याच्या सहीसाठीही जागा ठेवलीय, तो शाळा व्यवस्थापन समितीत आहे. टाईप करायला तिनं ते मला पाठवलं. मी 'मानधन नको'च्या जागी 'ऑटोचं भाडं मिळावं' लिहिलं, कारण पाचांतल्या दोघींचे गुडघे गेलेत. तिनं ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं. काल रात्रीपर्यंत मसुदा तिथंच अडला होता.