पांढऱ्या रश्श्याला ओटीपी?

तांबडा-पांढरा हाणायला बसावं, तर पाण्याच्या ग्लासाआधी टेबलावरचा तो चौकोन पुढं सरकवतात. "काका, स्कॅन करा." अरे, मेनूत नवीन काय हाय? मटण ताट, चिकन ताट, अंडा ताट. पूर्वी पोरगं एका दमात तोंडानं सांगायचं!

हा क्यूआर कोड 1994 साली जपानात निघाला, मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. मी काय क्लचप्लेट हाय व्हय? चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसंना होतं. आणि ह्यांची अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी मोठी करावी तर भाव पडद्याबाहेर! (मला वाटतं, तीच युक्ती असणार.)

बरं, मेनू उघडायला मोबाईल नंबर. मग ओटीपी. तो शोधेस्तोवर पान गायब, परत पहिल्यापासून. वर दुसऱ्या दिवसापासून मेसेज सुरू : "आज जेवायला येताय ना?" घरात कुणी इतक्या प्रेमानं विचारत नाही.

कोल्हापुरात गंगावेशीत म्हैस समोर पिळून दुधाचा ग्लास हातात देतात. म्हशीला कोड चिकटवायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही, एवढं नशीब. तुम्हीबी तो फोन ठेवा बाजूला, आणि रस्सा आणा की गरम!