डोंबिवलीला खिडकी?

माझी गोष्ट घरात कोणी ऐकेना. मुलगा कानात बोंडं घालून बसतो, त्याला गोष्ट काय, कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. बायको ऐकते, पण भाजी निवडता निवडता. गोष्टीतल्या सगळ्यात हळव्या वाक्याशी येऊन मी थांबलो, आवाज जरा खाली आणला, तेवढ्यात ती म्हणाली, "निम्मी मातीच घातलीय मेल्याने." हे मेथीबद्दल होतं की गोष्टीबद्दल, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यावरच संसार टिकतात.

शेवटी तिनेच सुचवलं, "त्या मंडळात का जात नाहीस? तिथे ऐकतात म्हणे."

आता डोंबिवलीत मंडळ शोधायला लागत नाही, चुकवायला लागतं. 2017 साली 90वं साहित्य संमेलन आमच्या गावात झालं. मी त्यात फक्त पुस्तकांच्या पिशव्या धरून उभा होतो, पण तेवढ्यानेही आपल्यात काहीतरी आहे असं वाटायला लागलं. गावात हे वाटणारा मी एकटा नाही, हे मंडळात गेल्यावर कळलं.

मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाच वाजता भरतं. जागा एका सभासदाच्या घरची, पहिला मजला, लिफ्ट नाही. खाली पोळी-भाजी केंद्र. तिथे साडेसहाला बटाटेवड्यांचा पहिला घाणा पडतो आणि वास थेट वरच्या खिडकीतून आत येतो. त्यामुळे साडेसहाच्या आत ज्याचा नंबर लागला तो साहित्यिक, त्यानंतरचे सगळे अडथळे.

अध्यक्ष प्रत्येक बैठकीची सुरुवात रविकिरण मंडळाने करतात. 1923 साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी चहाला जमायची, एकमेकांच्या कविता ऐकायची, त्यातून केवढी चळवळ उभी राहिली, तेव्हा आपणही. हे "आपणही" ते अर्धंच सोडतात आणि आत बघतात. मग चहा येतो. रविकिरण मंडळाशी आमचं साम्य चहापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यांच्या कवितांची विडंबनं करायला प्रत्यक्ष अत्रे लागले. आमच्या मंडळात ते काम कवी स्वतःच करतात.

मंडळाचा नियम एकच, कोणाला नाउमेद करायचं नाही. ऐकायला फार बरं वाटतं हे. दोन बैठकी नुसतं बसून ऐकल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की इथे कौतुकाची एक वेगळी भाषा आहे आणि तिचा कोश कोणी छापलेला नाही. "छान" म्हणजे ऐकलं नाही. "वेगळाच विषय" म्हणजे कळलं नाही. "अनुभवातून आलंय" म्हणजे फार लांबलं. "लिहीत राहा" म्हणजे वाचू नका. आणि "दिवाळी अंकाला पाठवा" म्हणजे आमच्यासमोरून काहीही करून हे हलवा. पूर्वी परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं की निदान "साभार परत" तरी यायचं. आता ईमेल जातो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत फराळ सोडून काहीही येत नाही.

तिसऱ्या बैठकीला मी गोष्ट नेली.

माझ्या आधी चौदा जण होते. प्रत्येकाला पाच मिनिटं, असं ठरलेलं. गझलवाल्या गृहस्थांनी "वाचण्याआधी एक शेर ऐका" म्हणून सात ऐकवले आणि मग वाचायला सुरुवात केली. एका आजींनी नातीवर कविता वाचली. मग नातीने आजीवर वाचली. सव्वासात वाजता माझं नाव पुकारलं तेव्हा घाणे तीन झाले होते आणि दोन सभासद "आलोच हं" म्हणून खाली गेले होते.

गोष्टीचं नाव "बोगदा". एक कारकून सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये चढतो. त्याला खिडकी मिळते. बाहेर बघता बघता त्याला गेलेले वडील आठवतात. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते, अंधार होतो, आणि काचेत त्याला स्वतःच्या चेहऱ्यात वडिलांचा चेहरा दिसतो. संपली. लिहिताना दोनदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाचतानाही आलं असतं, पण खालून तिखट फोडणीचा लोट आल्याने श्रेय नक्की कोणाचं ते सांगता आलं नसतं.

शांतता. मग अध्यक्ष म्हणाले, "छान."

"वेगळाच विषय," आजी म्हणाल्या.

गझलवाल्यांनी डोळे मिटून मान हलवली. "खिडकी हे मुक्तीचं प्रतीक आहे. आणि बोगदा म्हणजे आपलं अंतर्मन. वाहवा!"

मी हळूच वहीच्या कडेला "मुक्ती" आणि "अंतर्मन" लिहून घेतलं. मला हे सुचलं नव्हतं, पण आता माझंच होतं.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले एक काका बोलले. हे काका मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन. लिहीत काहीच नाहीत. काकू अभंग लिहितात, आणि त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून जिन्यात हाताला धरायला काका येतात. दोन्ही बैठकींना ते स्टीलचा पेला पोटावर धरून डोळे मिटून बसलेले मी पाहिले होते. झोपतात अशीच सगळ्यांची समजूत.

"खिडकी मिळाली?" काका म्हणाले.

"हो."

"डोंबिवलीला?"

"हो."

"सकाळी आठला?"

खोलीत कोणीतरी खाकरलं. माझे कान तापले. मी अठ्ठावीस वर्षं फोर्टातल्या हपिसात जातोय. या अठ्ठावीस वर्षांत सकाळी आठला डोंबिवलीला मला खिडकी सोडा, चौथी सीट मिळालेली नाही. पाय टेकवायला जागा मिळाली तर घरी येऊन सांगतो. डबा डोक्यावर धरून, दुसऱ्याच्या बगलेत नाक खुपसून ज्याचं तारुण्य गेलं, त्या माणसाने हे लिहावं? पण खरं सांगतो, लिहिताना ते माझ्या मनातही आलं नाही. कागद समोर आला, आणि मी त्या बिचाऱ्याला सरळ खिडकीत बसवून टाकलं. आपल्याला जन्मात मिळालं नाही ते निदान त्याला तरी मिळू दे.

"ते प्रतीक आहे हो," अध्यक्ष मदतीला धावले.

"असेल. पण ते प्रतीक कल्याणहूनच भरून येतं," काका म्हणाले. "आणि बोगदा कुठून आणलास? कुठल्या सालची गोष्ट आहे ही?"

"आत्ताची."

"मग नाही. पारसिकचा बोगदा 1916चा, सव्वा किलोमीटरपेक्षा लांब. त्यातून फास्ट गाड्या किती वेळा काढल्यात मी, ते मलाच ठाऊक. पण 2022च्या फेब्रुवारीत पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, तेव्हापासून बोगद्यातून मेल-एक्स्प्रेस जातात. फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने बाहेरून जाते. तू रोज जातोस ना रे?"

रोज जातो. पण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याची सॅक असते. चार वर्षं माझ्या आयुष्यातून बोगदा गेलेला आहे आणि मला पत्ता नाही.

"आणि काच," काका म्हणाले. आता ते पूर्ण जागे झाले होते. "साध्या लोकलची ना? खिडकीत बसलेला माणूस काच उघडी ठेवणार. मग तोंड कशात दिसलं?"

काकूंनी त्यांना कोपर मारलं. "अहो, नवीन आहेत ते."

मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. खिडकी गेली, बोगदा गेला, काच गेली. वडील तेवढे उरले, आणि तेही आधीच गेलेले होते. मी वही मिटायला लागलो.

"थांब की," काका म्हणाले. "खिडकी मिळू शकते. तो रिटर्न येत असेल तर. डोंबिवलीला उलट्या गाडीत बसायचं, कल्याणला उतरायचं नाही, तीच गाडी परत फिरली की खिडकी तुझी. कल्याणचे लोक शिव्या घालतात, त्या खायच्या. पण मग हा माणूस घरातून अर्धा तास आधी निघतो. का निघतो? बायकोला काय सांगून निघतो? आणि त्याचा पास डोंबिवलीचा आहे की कल्याणचा? डोंबिवलीचा असला तर टीसी धरेल, अडीचशे रुपये दंड. म्हणजे एका खिडकीसाठी हा रोज एक धोका पत्करतो. हे लिही ना. ते वडील-बिडील बघू मग."

मी उभाच राहिलो. गेली दोन वर्षं मी त्या कारकुनाच्या मागे होतो, आणि तो घरातून किती वाजता निघतो हे मला माहीत नव्हतं. काकांना ते पेला पोटावर ठेवून कळलं होतं.

"छान चर्चा झाली," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे वडे खायला उठले. निघताना तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काकांचं मनावर घेऊ नका, गोष्ट छानच आहे. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "ऐकली का?" मी म्हटलं, "एकाने." ती म्हणाली, "मग चांगला निकाल आहे."

सोमवारी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघालो. बायकोला काय सांगावं हे आदल्या रात्रीपासून ठरवत होतो. शेवटी "लवकर मीटिंग आहे" म्हणालो, आणि जिना उतरताना लक्षात आलं की गोष्टीतलं पहिलं वाक्य मिळालं. कल्याणचं दहा रुपयांचं रिटर्न तिकीट काढलं, कारण धोका कारकुनाने पत्करायचा होता, मी नाही. उलटी गाडी रिकामी. कल्याणला चढणाऱ्यांनी आम्हा बसलेल्यांकडे जे पाहिलं, ते मी कागदावर उतरवू शकलो तर मला अध्यक्षांच्या खुर्चीत बसवतील. ठाकुर्ली गेली. डोंबिवली आली, आणि दारात ज्या गर्दीत मी अठ्ठावीस वर्षं असतो ती गर्दी मी पहिल्यांदा बसून पाहिली. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मुक्तीबिक्ती काही नव्हतं.

मुंब्र्याच्या पुढे गाडी वर चढली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, लख्ख ऊन. बोगदा खरंच नव्हता.

"तुम्हीपण रिटर्न?"

समोरच्या खिडकीत गझलवाले बसले होते. कल्याणपासून वर्तमानपत्रामागे असावेत.

"मी अकरा वर्षं येतोय असाच," ते आवाज खाली आणून म्हणाले. "लिहायला ही एकच जागा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? डोंबिवलीला खिडकी मिळत नाही ते? बोगदा नाही ते?"

"अहो, कोणाला माहीत नाही!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची पहिलीच गोष्ट. उगाच हिरमोड कशाला करायचा?" असं म्हणून त्यांनी बॅगेतून डायरी काढली. जाड होती. "बरं झालं भेटलात. त्या दिवशी वेळ कमी पडला. दादरपर्यंत आहात ना?"

मी उठून दारात गेलो असतो. पण खिडकी होती.